वजनाप्रमाणे वाढणारं औषध

माऊला घरी आणलं ते ह्यांनी. हे म्हणजे माझे यजमान. चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला आहेत. एका दुपारी पहिली पाळी करून आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले. डब्याच्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती आणि तिच्यातून काळी-पांढरी शेपटी बाहेर आली होती. पार्ट्सच्या खोक्यांबरोबर ते पिल्लू ट्रकमधून कंपनीत आलं होतं. गेटवरचे लोक त्याला हायवेच्या कडेला सोडायला निघाले होते. तिथं सोडलं असतं तर त्यानं संध्याकाळसुद्धा बघितली नसती.

"चार दिवस राहू दे. कुणी घेणारं भेटलं की देऊन टाकू," हे म्हणाले.

लातूरकडं आमच्या घरी शेळ्या होत्या, कुत्रं होतं. मांजर कुणी मुद्दाम पाळलेलं मी पाहिलं नव्हतं. शिवाय माझं काम शिवणाचं. कासारवाडीत रेल्वे लाइनच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत मशीन आणि बायकांचे ब्लाउजपीस. मांजराच्या नखात रेशमी कापड सापडलं तर भरून कुणी द्यायचं? पण त्या पिल्लानं पहिल्याच दिवशी चिंध्यांचं पोतं शोधलं, त्यात गोल होऊन झोपलं आणि पुढं कधी कुणाच्या कापडाला नख लावलं नाही. घेणारं कुणी भेटलं नाही. खरं म्हणजे आम्ही कुणाला विचारलंच नाही.

पिल्लू मादी निघालं. नाव ठेवायचं राहून गेलं. माऊ म्हणत होतो तेच पडलं. मी शिवायला बसले की ती मशीनच्या टोकाला, दिव्याच्या उबेला येऊन बसायची. ह्यांच्या कंपनीची बस नाशिक फाट्याला थांबते. तिथून हे चालत येईपर्यंत ती दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलेली असायची. तिला कसं कळायचं देव जाणे. हे आले की आधी तिच्याशी बोलायचे, मग माझ्याशी.

वर्षभरानं, उन्हाळ्यात, ती मशीनवर उडी मारेनाशी झाली. खाली बसूनच वर बघायची. दुधाला तोंड लावायची आणि बाजूला व्हायची. खाली आमच्या घरमालकीण आजी राहतात, मूळच्या चाकणकडच्या एका गावातल्या. त्या म्हणाल्या, "ऊन किती हाय बाय. जनावर खात न्हाई उन्हाचं." मलाही ते पटलं. मग तिचं पोट दिसायला लागलं.

मला वाटलं, गाभण राहिली.

हे मी लपवणार नाही. मला आनंद झाला होता. माचिसची मोठी खोकी येतात तसलं एक खोकं मी किराणावाल्याकडून मागून आणलं, त्यात जुन्या सुती साडीची घडी घातली आणि पलंगाखाली ठेवलं. ह्यांना म्हटलं, आता काही दिवस खेळ आहे घरात. हे पण हसले. दोन-तीन पिल्लं झाली तर कुणाकुणाला द्यायची ह्याचीही चर्चा झाली आमची. त्याच दिवसांत एकदा तिला उचललं तर पाठीचा मणका न् मणका हाताला लागला. पोट तेवढं फुगलेलं आणि बाकी नुसती हाडं. अंग तव्यासारखं तापलेलं.

संत तुकाराम नगरच्या बाजूला एक जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरबाई वयानं लहान, माझ्या भाचीएवढ्या. केसपेपरवर कंपाउंडरनं 'माऊ' लिहून पुढं आमचं आडनाव लिहिलं. हे वाकून बघत होते. "आडनाव पण लागतंय का?" म्हणून हसले. डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ही गाभण नाही."

त्यांनी एक बारीक सुई पोटात घातली. सिरिंजमध्ये पिवळं पाणी आलं. पाणी कसलं, पाकासारखं चिकट, तार सुटेल असं.

तपासण्या झाल्या. मग त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. एक विषाणू असतो, तो पुष्कळ मांजरांच्या आतड्यात गप्प पडून राहतो, काही करत नाही. एखाद्या मांजराच्या अंगात मात्र तो रूप बदलतो, आणि मग पोटात असं पाणी होतं. माणसाला त्याचा धोका नाही. "पूर्वी ह्याला उपायच नव्हता," त्या म्हणाल्या. "आता आहे."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, औषध साध्या दुकानात मिळत नाही, मागवावं लागतं. जवळजवळ तीन महिने रोज इंजेक्शन, एकही दिवस चुकवायचा नाही. पुष्कळ मांजरं बरी होतात; काही होत नाहीत, आणि कुठलं होणार हे आधी सांगता येत नाही. मध्येच सोडलं तर केलेलं वाया. आणि डोस वजनावर असतो. "म्हणजे ती सुधारली, अंगानं भरली की औषध वाढत जाणार," त्या म्हणाल्या. खर्चाचा अंदाज त्यांनी एका कागदावर लिहून ह्यांच्याकडं सरकवला. ह्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि मला दाखवला नाही.

घरी येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर टोपलीत होती. मला सारखं वाटत होतं, उपाय नसता तर बरं झालं असतं. रडलो असतो आणि मोकळे झालो असतो. 'आता आहे' म्हटल्यावर मोकळं कसं व्हायचं?

आमच्याकडं पैसे अजिबात नव्हते असं नाही. मोशीकडं एक लहानसा फ्लॅट बुक करायचा म्हणून दोघांनी मिळून बाजूला टाकत आलो होतो. भाड्याच्या खोलीतून एकदाचं निघायचं होतं. पण ह्यांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला होता, काही कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना घरी पाठवलं होतं आणि पुढं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं हे नाही म्हणतील. मी त्या 'नाही'ची वाटच बघत होते म्हणा ना. ते बोलले असते तर मला बोलावं लागलं नसतं.

हे म्हणाले, "चालू करू."

"आणि फ्लॅट?"

"फ्लॅट काय मरायला लागला नाही."

इथं मला मागचं सांगावं लागेल. आम्हाला मूल नाही. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून आम्ही चिंचवडला उपचार घेतले होते. मला रोज पोटात इंजेक्शनं घ्यावी लागायची. नर्स इंजेक्शन द्यायला आली की हे बाहेर जिन्यात जाऊन उभे राहायचे. दोनदा केलं, दोन्ही वेळा जमलं नाही. तिसऱ्यांदा करून बघू या का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. हे म्हणाले, "बास आता." एवढंच. त्यावर मी ह्यांच्याशी कित्येक दिवस कामापुरतंही बोलले नाही. नंतर बोलायला लागले, पण त्या विषयावर आम्ही दोघंही कधी काही बोललो नाही. त्यामुळं माऊसाठी हे इतक्या पटकन 'चालू करू' म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं आणि आत कुठंतरी टोचलंही.

इंजेक्शन द्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण हे पाळीला गेले तर वेळ चुकणार. डॉक्टरबाईंनी शिकवलं. मानेच्या मागं कातडी चिमटीत धरायची, तिचा तंबू करायचा आणि त्यात सुई. हे घरी असले की तिला टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचे आणि तोंड भिंतीकडं करायचे. ते औषध झोंबायचं. सुई गेली की माऊ ओरडायची, आणि ते मांजराचं ओरडणं नव्हतं, लहान बाळ ओरडतं तसं होतं. एकदा तिनं ह्यांचं मनगट फाडलं. कंपनीत सगळ्यांनी विचारलं, राव, बायकोनं मारलं का? हे म्हणाले, मशीनला लागलं.

पण औषध लागू पडलं. आठवड्याच्या आत ताप उतरला. पोट बसत गेलं. एका सकाळी मी भाकरीच्या पिठात हात घातलेला आणि मागून आवाज आला म्हणून बघितलं, तर ती ओट्यावर चढून दुधाच्या पातेल्यात तोंड घालत होती. मी तिला हाकललं नाही. तसेच पिठाचे हात घेऊन उभी राहिले. संध्याकाळी हे आले आणि त्यांनी दारातूनच विचारलं, "खायली का?" मी म्हटलं, "पातेलं बघा."

दवाखान्यात दर वेळी तिला काट्यावर ठेवायचे. वजन वाढलेलं दिसलं की आम्ही दोघं हसायचो, आणि मग डॉक्टरबाई नवा डोस लिहायच्या आणि हे बोटांवर हिशेब करायचे. मी शिवणाचे दर वाढवले. लग्नसराईचे ब्लाउज आधी नको म्हणायचे ते घ्यायला लागले. दिवसभर मशीन चालायचं आणि ती पूर्वीसारखी दिव्याजवळ येऊन बसायची. फक्त मी सिरिंज घेऊन उठले की पलंगाखाली जायची. त्या खोक्यात. ते खोकं मी काढून टाकलंच नव्हतं. ज्या हातानं खायला घालायचं त्याच हातानं तिला दुखवायचं, आणि का ते तिला सांगता येत नव्हतं. माझ्या वेळी निदान मला माहीत होतं कशासाठी ते.

एकदा मी जिन्यातून खाली उतरत होते तेव्हा घरमालकीण आजी कुणाशी तरी बोलत होत्या. "मांजरावर एवढा पैका घालवत्यात. पोरबाळ न्हाई ना, मंग काय करनार." त्या वाईट हेतूनं बोलत नव्हत्या. आवाजात कळवळाच होता. मी दोन पायऱ्या परत वर गेले, थोडा वेळ थांबले आणि पुन्हा चपलांचा आवाज करत उतरले. त्या म्हणाल्या, "बाजारला चाललीस व्हय?" मी म्हटलं, "हो आजी, काही आणायचंय का?"

उपचाराचा बराचसा काळ पार पडला होता. आता थोडंच राहिलं, असं आम्ही म्हणायला लागलो होतो. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की चालताना तिचा मागचा पाय घसरतो. फरशी ओली असेल म्हटलं. मग एकदा तिची उडी चुकली. मशीनच्या पायट्यावर आपटली आणि तिथंच बसून राहिली, जणू आपण का पडलो हे तिलाच कळेना. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्याशी गेली तर तोंड भांड्याच्या बाजूला जायचं. मान तिरकी. एक डोळा नेहमीसारखा आणि दुसऱ्यातली बाहुली पसरून काळीभोर झालेली.

डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, टेबलावर चालवून पाहिलं. ती चालली नाही, एका बाजूला कलली. "डोक्यात उतरलंय," त्या म्हणाल्या. तिथं औषध कमी पोचतं. डोस जवळजवळ दुप्पट करावा लागेल, आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. शक्यता आहे, पण आधीपेक्षा पुष्कळ कमी. विचार करून या, पण फार वेळ लावू नका.

त्या दुपारी हे घरीच होते. माऊ पलंगावर ह्यांच्या पायाशी पडली होती. खालून रेल्वे गेली की खिडकीची तावदानं हलतात, त्या आवाजानं ती दचकायची. पूर्वी तिनं कधी लक्षही दिलं नव्हतं.

"डोस वाढवू," हे म्हणाले. "अजून थोडं बघू."

"ती पडायलीय. पाणी पिता येईना तिला."

"म्हणून सोडून द्यायचं?"

"सोडून नाही द्यायचं. बास करायचं."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तेव्हा मी बास म्हणालो तर तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस."

इतक्या वर्षांत तो विषय पहिल्यांदा निघाला, आणि निघाला तो असा. मी म्हटलं, "ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? रोज तुला सुया टोचताना मी जिन्यात उभा राहायचो. मला आत बसवत नव्हतं म्हणून मी बास म्हणालो. तुला वाटलं पैशासाठी म्हणालो."

मला खरंच तसं वाटलं होतं. मी म्हटलं, "मग आता चालू ठेवा कशाला म्हणता?"

"कारण तेव्हा बास म्हणून काय झालं?" हे म्हणाले. "घर तसंच राहिलं ना रिकामं."

आम्ही दोघं पलंगाच्या दोन टोकांना बसलो होतो आणि मध्ये ती. तिला उचलून विचारता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तुला काय पाहिजे, एवढं एकच. ती ह्यांच्या पायाला डोकं टेकून श्वास घेत होती, आणि तो श्वास म्हणजे राहू द्या की सोडा, हे वाचायची विद्या आमच्यापैकी कुणाकडं नव्हती.

शेवटी काही न ठरवताच तिला घेऊन दवाखान्यात गेलो. मी डॉक्टरबाईंना विचारलं, "तुमचं मांजर असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. "माझ्या मांजराला हेच झालं होतं," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा शिकत होते. औषधच नव्हतं. त्यामुळं मला ठरवावं लागलं नाही. ताई, तुमचं उत्तर मला माहीत नाही. तुम्ही वाढवा म्हणालात तरी मी तुमच्याबरोबर आहे, थांबवा म्हणालात तरी आहे."

मी मनात म्हटलं, एवढं शिकलात, तुम्ही तरी सांगा. पण त्यांचाही चेहरा आमच्यासारखाच झाला होता.

हे म्हणाले, "आठवडाभर वाढवून बघू. फरक पडला तर पुढं. नाहीतर..." मी मान हलवली. म्हणजे आम्ही ठरवलं असं नाही. ठरवणं आठवड्यानं पुढं ढकललं.

तो आठवडा मला नीट आठवत नाही, आणि आठवावा असंही वाटत नाही. एवढं सांगते की दुप्पट औषध टोचताना ती ओरडायची बंद झाली. पलंगाखाली जायचीही बंद झाली, कारण तिथपर्यंत जाता येत नव्हतं. घरमालकीण आजी एकदा वर आल्या, वाटीत बोंबलाचं पाणी घेऊन. जमिनीवर बसल्या, बोटानं तिच्या ओठाला लावलं. तिनं थोडं चाटलं. आजी म्हणाल्या, "आमच्या गावाकडं मांजर आजारलं की आपलं आपन निघून जायचं. कुठं गेलं कुनाला दिसायचं न्हाई." मग म्हणाल्या, "तुमच्या हितून ती जानार तरी कुठं."

मग तिला झटके यायला लागले. पहिला आला तेव्हा हे घरात होते. त्यांनी तिला धरलं, थांबेपर्यंत धरलं. थांबल्यावर म्हणाले, "चल."

शेवटचं इंजेक्शन डॉक्टरबाईंनी पायाच्या शिरेत दिलं. तिला धरायला मी पुढं झाले तर हे म्हणाले, "मी धरतो." ते जिन्यात गेले नाहीत, भिंतीकडंही बघितलं नाही. मला मात्र बघवलं नाही. मी बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी एक बाई तिच्या कुत्र्याची नखं कापायला आली होती. तिनं विचारलं, "तुमचं काय, लसीकरण?" मी हो म्हटलं.

इमारतीच्या मागं शेवग्याखाली ह्यांनी खड्डा केला. कुदळ आजींनी दिली. जमीन कडक होती, वेळ लागला.

त्यानंतर घरात कुणी रागावलं नाही की अबोला धरला नाही. तसं झालं असतं तर काही तरी झाल्यासारखं वाटलं असतं. हे पाळीला जायचे, मी शिवायचे. एकदा जेवताना हे म्हणाले, "आधीच दुप्पट दिलं असतं तर?" मी म्हटलं, "किंवा दिलंच नसतं तर." मग आम्ही जेवलो.

पंधरवड्यानं डॉक्टरबाईंचा फोन आला. औषधाच्या काही बाटल्या आमच्याकडं न फोडलेल्या राहिल्या होत्या. आकुर्डीच्या एका जोडप्याच्या मांजराला तोच आजार निघालाय, त्यांचं औषध यायला वेळ लागतोय, तुमचं देता येईल का, असं त्यांनी अगदी चाचरत विचारलं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी एक तरुण आला. हेल्मेट हातात, घाम आलेला. खाली गाडीजवळ त्याची बायको उभी होती, पुढं छातीला बांधलेल्या पिशवीत मांजर. मी बाटल्या रुमालात गुंडाळून दिल्या. तो पैसे काढायला लागला तर ह्यांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "भावा, राहू दे."

मी त्याला सांगितलं, बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार असली की जास्त झोंबतं. जागा रोज बदला. टॉवेल जाड घ्या. तो लक्ष देऊन ऐकत होता, मध्येच मोबाइलवर लिहून घेत होता. सगळं झाल्यावर निघताना त्यानं विचारलं, "काकू, बरं होतं ना ह्यानं? तुमचं झालं ना?"

माझ्या मागं हे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"होतं," मी म्हटलं. "पुष्कळ मांजरं बरी होतात."

तो खूश होऊन दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. मी खिडकीतून बघितलं नाही. आत येऊन मशीनवर बसले. एका ब्लाउजला हुक लावायचे राहिले होते आणि ती बाई सकाळीच न्यायला येणार होती. त्या आकुर्डीच्या जोडप्याच्या मांजराचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टरबाईंना फोन करून विचारता आलं असतं. हेही एकदा म्हणाले होते, "विचारावं का?" अजून आम्ही विचारलेलं नाही.